हिमपर्वतावरील पादत्राण : निवड आणि विवेक

यवतमाळ जिल्ह्यात बर्फ पडत नाही. आमच्याकडे शेत पांढरे दिसते ते कापूस फुटल्यावर, आणि थंडी म्हणजे पौष-माघातील पहाटेची शेकोटी. अशा जिल्ह्यातील निवासी शाळेच्या स्मरणिकेत बर्फावरील पादत्राणांविषयीचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु शाळेतून बाहेर पडलेली मुले आता कोठे कोठे पोहोचली आहेत हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या विषयाचे प्रयोजन निराळे सांगावे लागणार नाही. कोणी महार रेजिमेंटमध्ये वा अन्य पलटणीत भरती होऊन लडाख-काश्मीरच्या चौक्यांवर उभा आहे, कोणी एन.सी.सी.च्या शिबिरातून उत्तराखंडात जातो, कोणी महाविद्यालयातील मित्रांसह हिवाळी पदभ्रमणाचे पैसे भरून येतो आणि मग घरी विचारतो, "बूट कोणते घ्यायचे?" या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असा माणूस आमच्या वस्त्यांत क्वचितच असतो. ज्या घरांत पिढ्यान्पिढ्या कोणी हिमालय पाहिलेला नाही, त्या घरांना हे ज्ञान वारशाने मिळत नाही. ते शोधून, समजून घ्यावे लागते.

आमच्या दोन शेजाऱ्यांची उदाहरणे येथे देणे योग्य ठरेल. यवतमाळला लागून असलेल्या तेलंगणातील समाजकल्याण विभागाच्या निवासी शाळांत शिकणारी मालावत पूर्णा आणि तिचा सहकारी आनंद कुमार हे दोघे २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. पूर्णाचे वय त्या वेळी चौदा वर्षांहूनही थोडे कमी होते. पुढे मे २०१८ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच आदिवासी विद्यार्थी 'मिशन शौर्य' या उपक्रमातून त्याच शिखरावर उभे राहिले. या मुलांच्या धैर्याचे कौतुक सर्वांनी केले आणि ते योग्यच होते. परंतु त्या धैर्याच्या पाठीशी अनेक महिन्यांचे प्रशिक्षण होते आणि पायात त्या बर्फासाठीच तयार केलेले बूट होते, ही गोष्ट सत्कारांच्या गर्दीत मागे पडली. धैर्य हे साधनाची जागा घेऊ शकत नाही, हाच प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

काळी जमीन आणि जाड तळ

पादत्राण जमीन पाहून निवडावे, हा विचार नवा नाही. विनयपिटकाच्या महावग्गात 'चम्मक्खन्धक' नावाचे एक संपूर्ण प्रकरण चामड्याच्या वस्तू आणि पादत्राणे यांविषयी आहे. चंपानगरीचा सोण कोळिविस हा अत्यंत सुखात वाढलेला तरुण भिक्षू झाला. अनवाणी चंक्रमण करता करता त्याचे तळपाय फुटून भूमी रक्ताने माखली. तथागतांनी त्याला एकपदरी तळाचे पादत्राण वापरण्याची अनुज्ञा दिली. मात्र सोणाने ती एकट्यासाठी स्वीकारली नाही. भिक्षुसंघाला अनुज्ञा मिळत असेल तरच आपण वापरू, असे तो म्हणाला आणि मग ती सर्वांसाठी झाली.

त्याच प्रकरणात पुढे अवंती-दक्षिणापथातील भिक्षूंची अडचण येते. तेथील भूमी काळी, कठीण आणि जनावरांच्या खुरांनी खडबडीत झालेली असल्याने एकपदरी तळ पुरत नाही, अशी विनंती महाकच्चायनांच्या वतीने सोण कुटिकण्ण याने बुद्धांपुढे मांडली. तेव्हा अशा प्रत्यंत जनपदांसाठी अनेकपदरी तळाच्या पादत्राणांना अनुज्ञा मिळाली. काळ्या जमिनीत वाळलेल्या ढेकळांवरून आणि खुरांच्या खड्ड्यांवरून चाललेल्या आमच्या वाचकाला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. जमीन बदलली की नियम बदलावा, हा विवेक त्या निर्णयात आहे. बर्फाच्या बाबतीत तोच विवेक अधिक काटेकोरपणे वापरावा लागतो, कारण बर्फाची भूमी एकाच दिवसात तीन वेळा बदलते.

स्नोशू : तत्त्व आणि इतिहास

ताज्या, भुसभुशीत बर्फात साधा बूट घालून चालणारा माणूस गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुततो. पावसाळ्यात काळ्या रानात पाय ओढताना जी दमछाक होते, तिच्या कितीतरी पट दमछाक येथे होते. यावरील उपाय म्हणजे स्नोशू. बुटाखाली बांधावयाची, रुंद आणि लांबट अशी ही एक चौकट असते. तिचे तत्त्व साधे आहे : वजन तेच ठेवून ते अधिक क्षेत्रफळावर पसरवणे. साठ किलोचा तरुण पंधरा किलोची पाठपिशवी घेऊन एका पायावर उभा राहिला, तर सुमारे ३०० चौरस सेंटिमीटरच्या तळव्यावर ७५ किलो भार येतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २५० ग्रॅम. स्नोशूचे क्षेत्रफळ १,१०० चौरस सेंटिमीटर धरले, तर हाच भार सुमारे ६८ ग्रॅमवर येतो. पूर्व विदर्भात धानाच्या चिखलात ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची रुंद चाके लावतात, त्यामागेही याच प्रकारचा विचार आहे.

ही युक्ती मानवाने फार पूर्वी शोधली. इटलीच्या आल्प्समधील एका हिमनदीजवळ सन २००३ मध्ये बर्च लाकडाचा एक स्नोशू सापडला. तो सुमारे ५,८०० वर्षांपूर्वीचा असल्याचे पुढे तपासणीत निष्पन्न झाले. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी तर ही विद्या परिपूर्णतेस नेली. ॲश वृक्षाचे लाकूड वाफवून वाकवावयाचे आणि त्यात कच्च्या चामड्याच्या वाद्यांची जाळी विणावयाची, अशी त्यांची रीत होती. दाट झाडीत आणि डोंगराळ भागात वळायला सोपा असा आखूड, गोल आकार त्यांनी वापरला. उघड्या माळावरील खोल बर्फासाठी लांब, निमुळता आकार वापरला. जपानच्या डोंगराळ भागात लाकूड वाकवून केलेली 'कांजिकी' आहे. काश्मीरमध्ये भाताच्या पेंढ्याची 'पुलहोर' नावाची पादत्राणे शतकानुशतके वापरात होती. गरिबाची ही वहाण बर्फावर घसरत नसे.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. चामडे कमावण्याची, वादी कापण्याची आणि विणण्याची ही कला त्या समाजांत जीवनरक्षक म्हणून सन्मान्य होती. आमच्या देशात तेच कौशल्य ज्यांच्या हाती होते, त्यांचा हात विटाळाचा मानला गेला. हात तोच, कौशल्य तेच. फरक समाजाच्या दृष्टीत होता.

आधी बर्फ ओळखावा

'बर्फ' हा एकच शब्द आम्ही वापरतो, पण पायाच्या दृष्टीने त्याचे निदान चार प्रकार आहेत. पहिला, नुकताच पडलेला कोरडा, भुसभुशीत बर्फ. यात पाय रुततो. येथे स्नोशू उपयोगी. दुसरा, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांनी दाबला गेलेला वाटेवरचा बर्फ. यात पाय रुतत नाही, पण घसरतो. येथे बुटावर ओढून बसवावयाची, लहान दाते असलेली साखळी म्हणजे मायक्रोस्पाइक पुरते. तिसरा, रात्रीच्या थंडीने गोठून कडक झालेला बर्फ. चढण सौम्य नसेल तर येथे क्रॅम्पॉनच हवेत. चौथा, हिमनदीवरचा काचेसारखा निळसर बर्फ. तेथे क्रॅम्पॉन, आइस ॲक्स, दोर आणि प्रशिक्षित मार्गदर्शक यांवाचून पाऊलही टाकू नये.

या प्रकारांत भर पडते ती वेळेची. वसंत ऋतूत पहाटे चार वाजता जी चढण दगडासारखी कडक असते, तीच दुपारी बारा वाजता लापशीसारखी होते. पहाटे क्रॅम्पॉन घालून वर गेलेला माणूस दुपारी परतताना मांडीपर्यंत रुततो. म्हणूनच अनुभवी लोक पहाटे लवकर निघतात आणि ऊन चढण्यापूर्वी खाली येतात. कोणते पादत्राण घ्यावे, या प्रश्नाच्या आधी 'कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी आणि कोणत्या वाटेने' हा प्रश्न विचारला पाहिजे. उत्तराखंडातील केदारकंठासारख्या सुमारे ३,८०० मीटर उंचीच्या, हिवाळ्यात पुष्कळ पर्यटक जात असलेल्या वाटेवर सामान्यतः मायक्रोस्पाइक आणि पोटरीवर बांधावयाचे गेटर यांवर काम भागते. तेथे जाणाऱ्या मुलाने स्वतःचे स्नोशू विकत घेणे म्हणजे पैशाचा अपव्यय होय. मात्र नुकत्याच झालेल्या मोठ्या हिमवृष्टीनंतर, मळलेली वाट नसलेल्या रानातून जावयाचे असेल, तर तेच स्नोशू अत्यावश्यक ठरतात.

चढणीसाठी स्नोशू कसा असावा

सपाट माळावर फिरण्याचा स्नोशू आणि डोंगर चढण्याचा स्नोशू यांत फार अंतर आहे. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पुढील गोष्टी हाताने उलटून पाहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट दात्यांची. स्नोशू उलटा करावा. सपाट भागासाठीच्या स्नोशूत फक्त चवड्याखाली आणि कधी टाचेखाली थोडे दाते असतात, आणि कडेची चौकट गोल नळीची असते. अशी नळी आडव्या उतारावरून जाताना गाडीच्या घसरणाऱ्या चाकासारखी सरकते. चढणीसाठीच्या स्नोशूत चौकटीची दोन्ही बाजूंची कडाच करवतीसारखी दातेरी असते, किंवा तळाखाली दोन्ही बाजूंना लांब दातेरी पट्ट्या असतात. चवड्याखालचे दाते पोलादाचे आणि खोल असावेत. हा गुण नसेल तर बाकी सर्व गुण असूनही तो जोडा तीव्र चढणीसाठी घेऊ नये.

दुसरी गोष्ट टाचेखालच्या कडीची. चढणीवर पाय सतत वर वाकलेला राहिल्याने पोटऱ्यांना ताण येतो. यासाठी चांगल्या स्नोशूत टाचेखाली एक तारेची कडी असते. ती उभी केली की टाच तिच्यावर टेकते आणि उंच चढणही पायाला जिन्यासारखी वाटते. सपाटीवर किंवा उतरताना ती खाली पाडावयाची असते. ती उभीच ठेवून उतरणारा माणूस तोल जाऊन पुढे कोसळतो. हातमोजे घालून, काठीच्या टोकाने ती सहज उभी-आडवी होते की नाही, हे पाहून घ्यावे.

तिसरी गोष्ट आकाराची. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. स्नोशूचे माप पावलाच्या लांबीवरून ठरत नसून पाठपिशवीसह एकूण वजनावरून ठरते. साधारणपणे २२ इंची जोडा ८० किलोंच्या आसपास, तर २५ इंची जोडा १०० किलोंच्या आसपास भार पेलतो. कंपन्यांच्या तक्त्यांत थोडाफार फरक असतो. मोठा जोडा कमी रुततो, पण तीव्र चढणीवर तो वळवणे आणि रोवणे कठीण जाते. म्हणून चढणीसाठी आपला भार पेलणारा जोड्यांतला सर्वांत लहान जोडा घ्यावा. काही जोड्यांना मागे जोडता येणारे शेपूट मिळते. खोल बर्फात ते लावावे, कडक चढणीवर काढून ठेवावे. काही कंपन्या स्त्रियांसाठी अरुंद जोडे करतात. चालताना एका जोड्यावर दुसरा पाय पडू नये, यासाठी बारीक बांध्याच्या मुलामुलींना ते अधिक सोयीचे जातात.

चौथी गोष्ट पट्ट्यांची आणि बिजागरीची. चवड्याखालच्या बिजागरीवर पाऊल पुढे वाकले पाहिजे, पण डावी-उजवीकडे हलता कामा नये. स्वतःचा बूट घालून, पट्टे आवळून पाय उचलावा आणि जोराने झटकावा. बूट पट्ट्यात सरकत असेल तर तो जोडा नको. रबरी पट्ट्यांना चिरा आहेत का, खिळे सैल आहेत का, हे भाड्याचे साहित्य घेताना विशेषतः तपासावे. एक जादा पट्टा आणि दोन हात दोरी पिशवीत ठेवावी. वाटेत तुटलेला पट्टा हा केवळ गैरसोयीचा विषय राहत नाही. तेथून परत येण्याचा प्रश्न निर्माण होतो.

पाचवी गोष्ट वजनाची. पायावरचा एक किलो पाठीवरच्या पाच किलोंइतका, असे गिर्यारोहक म्हणतात. जोडीचे वजन सुमारे दोन किलोंच्या आत असलेले बरे. परंतु हलकेपणासाठी दाते आणि चौकट यांत तडजोड करू नये.

एवढे करूनही स्नोशूची मर्यादा ओळखावी. बर्फ मऊ असेल तर साधारण २५ ते ३० अंशांपर्यंत तो साथ देतो. चढण त्याहून तीव्र किंवा बर्फ कडक असेल तर स्नोशू काढून पाठीला बांधावेत आणि क्रॅम्पॉन चढवावेत. तीव्र उतारावर आडवे जाण्यापेक्षा शक्य तेथे सरळ वर जावे. उतरताना गुडघे किंचित वाकवून, पूर्ण तळ टेकवून चालावे.

क्रॅम्पॉन आणि बूट यांची जोडी

क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधावयाचा टोकदार दात्यांचा धातूचा सांगाडा. ऑस्कर एकेनस्टाइन या गिर्यारोहकाने विसाव्या शतकाच्या आरंभी दहा दात्यांच्या क्रॅम्पॉनची रचना केली, आणि १९२९ मध्ये लोरां ग्रिव्हेल याने पुढे झुकलेले दोन दाते जोडले. त्या दोन दात्यांमुळे उभ्या हिमभिंतीवर चवडा रोवून चढणे शक्य झाले. सामान्य हिमचढणीसाठी दहा किंवा बारा दात्यांचे पोलादी क्रॅम्पॉन योग्य. ॲल्युमिनियमचे हलके असतात, पण खडकावर लवकर बोथट होतात. तळाला बर्फाचे गोळे चिकटून दाते निकामी होतात, म्हणून तळाशी रबरी किंवा प्लॅस्टिकची पट्टी असलेले क्रॅम्पॉन घ्यावेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्रॅम्पॉन आणि बूट यांचा मेळ. मऊ तळाचा बूट चालताना वाकतो, क्रॅम्पॉन वाकत नाही. परिणामी तो सुटून पडतो. पट्ट्यांनी बांधावयाचे क्रॅम्पॉन मध्यम कडक तळाच्या बुटाला चालतात. मागे खटक्याने अडकणाऱ्या क्रॅम्पॉनसाठी बुटाच्या टाचेला खाच लागते, आणि पुढे-मागे दोन्हीकडे अडकणाऱ्यांसाठी पूर्ण कडक तळाचा, दोन्ही खाचांचा बूट लागतो. खेळाचे बूट किंवा कॅनव्हासचे बूट यांवर कोणतेही क्रॅम्पॉन बांधू नयेत. बूट क्रॅम्पॉनमध्ये बसवून, पट्टे न आवळता उलटा धरला असता क्रॅम्पॉन लोंबकळत राहिला, तर माप जुळले असे समजावे.

बूट घेताना तो दुपारनंतर, जाड मोजा घालून पाहावा. पुढे बोटे हलली पाहिजेत आणि चालताना टाच उचलली जाऊ नये. घट्ट बूट अधिक सुरक्षित, ही समजूत घातक आहे. घट्ट बुटाने रक्तप्रवाह अडतो आणि हिमदंशाला वाट मिळते. याच कारणासाठी एकावर एक तीन मोजे कोंबू नयेत. आमच्या जिल्ह्याचे जीवन कापसावर चालते. तथापि बर्फात सुती मोजा हा शत्रू आहे. तो घाम शोषून ओला राहतो आणि पाय गारठवतो. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा मोजा घ्यावा आणि एक कोरडा जोड झोपण्यासाठी राखून ठेवावा.

बोटे बधिर, पांढरट किंवा मेणासारखी दिसू लागली तर थांबावे. त्यांवर बर्फ चोळू नये, ती शेकोटीवर धरू नयेत. बधिर झालेल्या त्वचेला भाजल्याचे कळत नाही. पुन्हा गोठण्याचा संभव नसेल अशा सुरक्षित जागी, ३७ ते ३९ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ती ऊबदार करावीत आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

उताराचे गणित

चांगल्या पादत्राणाने एक नवाच धोका निर्माण होतो. ते आपल्याला जेथे जाऊ नये तेथे पोहोचवते. बहुतेक घातक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर घडतात. आपल्या घराचा जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. म्हणजे जिन्याइतकी चढण, नुकताच पडलेला भरपूर बर्फ आणि वरून वाहणारा वारा हे तीन एकत्र आले की सावध झाले पाहिजे. शाळेत त्रिकोणमिती शिकताना 'हे कोठे उपयोगी पडते?' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे उत्तर आहे : एक काठी उभी आणि तेवढ्याच लांबीची दुसरी काठी तिच्यापासून आडवी उताराकडे धरावी. आडव्या काठीचे टोक उताराला टेकेल अशा रीतीने ती वर-खाली करावी. ती उभ्या काठीच्या टोकाशी आली तर उतार ४५ अंशांचा, निम्म्यावर आली तर सुमारे २७ अंशांचा. निम्म्याच्या वर गेली की तो उतार संशयास्पद समजावा. धोक्याचा उतार ओळखता येणे हे कोणत्याही बुटापेक्षा मोलाचे आहे, आणि ही विद्या प्रशिक्षणातूनच मिळते.

इतिहास काय सांगतो

सातव्या शतकात भारताकडे निघालेल्या ह्युएन त्संगाने मध्य आशियातील हिमपर्वत ओलांडला. त्याच्या चरित्रकाराच्या नोंदीनुसार दुहेरी पादत्राणे आणि दुहेरी लोकरी वस्त्रे घालूनही थंडी आवरत नव्हती आणि वाटेत दहांपैकी तीन-चार माणसे दगावली. त्या काळच्या साधनांची ती मर्यादा होती. पुढे १९३५ मध्ये इटलीच्या आल्प्समध्ये पुंता रसिका येथे वादळात सापडून सहा गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. त्या काळी खिळ्यांचे जड बूट पायथ्याशी सोडून मऊ तळाच्या पातळ जोड्यांवर खडक चढण्याची पद्धत होती. ते जोडे बर्फात कुचकामी ठरले. त्यांचा सहकारी विताले ब्रामानी याने मित्रांचे दैव म्हणून हात जोडले नाहीत. त्याने बुटाच्या तळाचा अभ्यास केला आणि १९३७ मध्ये खोल नक्षीचा रबरी तळ बाजारात आणला. आज जगभरातील डोंगरी बुटांचे तळ त्याच धर्तीचे आहेत.

आमच्या देशाचा अनुभव अधिक वेदनादायी आहे. १९६२ च्या युद्धात अनेक जवानांना सुती गणवेश आणि कॅनव्हासचे बूट यांवर हिमालयात उभे करण्यात आले. पराभवानंतर त्यांच्या शौर्याची गीते झाली. बुटांचा हिशेब मात्र फार थोड्यांनी विचारला. २०२० मध्ये संसदेपुढे आलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालानेही अतिउंचीवरील सैनिकांच्या कपड्यांच्या आणि बुटांच्या तुटवड्यावर बोट ठेवले. नवे बूट न मिळाल्याने जुने दुरुस्त करून वापरावे लागल्याची नोंद त्यात आहे. सीमेवर उभा राहणारा तो जवान बहुधा शेतकऱ्याचा, मजुराचा मुलगा असतो. त्याच्या धैर्याची स्तुती करणे सोपे आहे, कारण तिला खर्च येत नाही. बूट मात्र विकत घ्यावे लागतात.

पालक आणि माजी विद्यार्थी यांना

प्रथम, उसने काढून महागडे साहित्य घेऊ नये. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (स्थापना १९६५) किंवा दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था (स्थापना १९५४) यांसारख्या मान्य संस्थांच्या अभ्यासक्रमांत तांत्रिक साहित्य सामान्यतः संस्थेकडूनच मिळते. मनाली, उत्तरकाशी अशा ठिकाणी ते भाड्यानेही मिळते. ज्याला गिर्यारोहण करायचे आहे त्याने आधी प्रशिक्षण घ्यावे; साहित्य त्यानंतर. स्वतःचा खर्च करावयाचाच असेल तर तो बुटावर आणि मोज्यांवर करावा, कारण ते पायाच्या मापाचे आणि सरावाचे असावे लागतात. नवा बूट निघण्यापूर्वी निदान महिनाभर रोज वापरून पायाला रुळवावा. आमच्या डोंगरटेकड्या त्यासाठी पुरेशा आहेत.

दुसरे, मुलाला सहलीला पाठविताना आयोजकाला तीन प्रश्न विचारण्यास पालकांनी संकोच करू नये. वाटेवर त्या दिवसांत बर्फ कसा असतो? सर्वांत तीव्र चढण किती अंशांची आहे? आणि स्नोशू, मायक्रोस्पाइक, क्रॅम्पॉन यांपैकी काय, किती जणांना आणि कोणत्या मापाचे दिले जाईल? ज्याला या प्रश्नांची नीट उत्तरे देता येत नाहीत, त्याच्या हाती मूल सोपवू नये. आपण शिकलेलो नाही म्हणून प्रश्न विचारू नयेत, असे कोणत्याही पालकाने समजू नये. प्रश्न विचारण्याचा अधिकार पदवीवर अवलंबून नाही.

तिसरे, ही सूचना आम्ही माजी विद्यार्थी मंडळापुढे ठेवतो. निरनिराळ्या मापांचे दहा-बारा जोडी डोंगरी बूट, तेवढेच गेटर आणि मायक्रोस्पाइक यांचा एक सामाईक संच शाळेत ठेवावा. सैन्यात असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस येऊन तो तपासावा आणि मुलांना त्याचा वापर शिकवावा. जो मुलगा वा मुलगी शिबिराला निवडली जाईल, तिला तो घरची परिस्थिती न विचारता मिळावा आणि परतल्यावर स्वच्छ करून, सावलीत वाळवून पुन्हा जागेवर ठेवला जावा. सोण कोळिविसाने जी सवलत एकट्यासाठी नाकारली आणि संघासाठी स्वीकारली, तिचा अर्थ आजच्या शाळेत याहून निराळा करता येणार नाही.

आमच्या मुलांमध्ये धैर्य आहे; ते त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्यांना हवे ते बर्फाचे ज्ञान, मापाचा बूट आणि परत फिरण्याची वेळ ओळखण्याची शिस्त. या तीन गोष्टी पुरविण्याची जबाबदारी आपणा सर्वांची आहे.